झडप कशाची, हे सांगा की!

हिरण्यकेशीकाठच्या या गावात दोन दिवस मुक्काम ठोकलेल्या डॉक्टर मित्रांनो, मला अध्यक्ष केलंत. अध्यक्षानं विषयाचा, म्हणजे जनावरांचे अवयव माणसाला बसवण्याचा, आढावा घ्यायचा असतो. तो मी उरकून टाकतो. मला दुसरंच काही बोलायचंय आणि त्यासाठी मी बरीच वर्षं थांबलोय.

आढावा असा. २०१७ साली माणसाच्या पेशी डुकराच्या गर्भात रुजवून पाहिल्या. जानेवारी २०२२ मध्ये बाल्टिमोरला १० जनुकबदल केलेल्या डुकराचं हृदय एका माणसाला बसवलं, तो दोन महिने जगला. मार्च २०२४ मध्ये बोस्टनला डुकराची किडनी बसवली. आपल्याकडे आसामात धनीराम बरुआंनी १९९७ मध्येच डुकराचं हृदय बसवलं होतं. रुग्ण आठवडाभरात गेला, डॉक्टर ४० दिवस तुरुंगात. झाला आढावा.

काल परिसंवादात एकामागून एक वक्ते म्हणाले, आपल्या लोकांना हे पटणार नाही, धर्म आडवा येईल. एकानं गणपतीचा दाखला देऊन पटेल असंही सांगितलं. गणपतीला मध्ये आणू नका हो, त्याच्याकडून कुणी संमतीपत्र घेतलं नव्हतं!

लोकांना काय वाटतं ते विचारताय, पण त्यांना आधी सांगितलंय कधी? बेळगावात टिळकवाडीचा व्हॅक्सिन डेपो तुम्हाला सकाळी फिरायला जायची जागा म्हणून ठाऊक आहे. तिथं वासरांच्या कातडीवर देवीची लस वाढवत. तीच आपल्या आजोबा-पणजोबांच्या दंडावर टोचली. कुत्रं चावलं की पोटात १४ इंजेक्शनं देत, ती मेंढीच्या मेंदूपासून केलेली. सर्पदंशावरचं औषध घोड्याच्या रक्तातलं. कॅप्सूलचं जिलेटिन बहुधा जनावरांच्या हाडाकातड्याचं. हेपॅरिन तर आजही मुख्यतः डुकराच्या आतड्यातून काढतात, आणि ते इथल्या बहुतेक फिजिशियननी दिलंय. पेशंटला सांगून किती जणांनी दिलं? मी तर नाही.

निपाणीकडचे एक तंबाखूचे शेतकरी. त्यांना आण्णा म्हणू. गळ्यात माळ, दरसाल पायी वारी. मोठ्या शहरात जाऊन हृदयाची झडप बदलून आले. डिस्चार्ज कार्डावर ‘पोर्साइन’ असं लिहिलेलं. आण्णांनी त्यावर बोट ठेवलं, “हे काय ओ, डाक्टर?” मी म्हणालो, “कंपनीचं नाव आहे.” आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

चार वर्षांनी नातू फार्मसीला गेला आणि ‘पोर्साइन’ म्हणजे डुकराचं, हे आण्णांना कळलं. त्या दिवशी दवाखाना रिकामा होईपर्यंत ते बाहेर बाकावर बसून राहिले. मग आत आले. मला वाटलं, डुकरावरून भांडणार. “त्याचं काय न्हाई ओ,” म्हणाले, “त्या जनावरानं जीव दिला मला. मी नको म्हणलो नसतो. पर माळ ठेवायची का उतरायची, ते मला ठरवू द्यायचं हुतं. चार वर्सं तुमीच ठरिवलासा.”

माळ त्यांनी उतरवली नाही. त्या वर्षी वारीला मात्र गेले नाहीत. का, ते विचारायचं मला धाडस झालं नाही.

सर्जन मंडळी म्हणतात, असं सांगत बसलो तर पेशंट पळतील. आण्णांनंतर मी प्रत्येकाला सांगत आलोय. पळतात थोडे. बाकीचे विचारतात, किती वर्षं टिकेल आणि किती पैसे पडतील? एक मुसलमान आजी म्हणाली, मौलवींना विचारून येते. तिसऱ्या दिवशी पिशवी भरूनच आली, “कब जाना है?” काल ज्यांनी ‘समाजमनाची तयारी’ या विषयावर निबंध वाचला, त्यांनी तिच्यासमोर तो एकदा वाचावा.

मराठी, कन्नड आणि उर्दूत एक पानाचा साधा कागद काढावा असं मनात आहे. कशात कुठलं जनावर आहे, एवढंच लिहायचं. कोण लिहिणार, कुठं छापणार, बघू. समिती नेमायची सूचनाही आलीय, समित्यांचं काय होतं ते आपण जाणतोच.

आण्णा आता नाहीत. झडप शेवटपर्यंत नीट चालली. नातवानं हायवेला मेडिकल दुकान काढलंय. कॅप्सूलचं कवच कशाचं असतं ते तो गिऱ्हाइकाला सांगतो की नाही, हे मी अजून विचारलेलं नाही. पानं वाढलीत असा निरोप आलाय. बसतो.