घोरणे थांबते तेव्हा



आम्ही वैद्यकशास्त्राचे जाणकार नव्हे. बी. ए.ची पदवी आणि केंद्र सरकारच्या नोकरीतील बदल्या, एवढेच आमचे भांडवल. तरीही कार्यकारिणीची आज्ञा आम्ही रुग्ण या नात्याने शिरोधार्य मानली आहे.

पाच वर्षांपूर्वी आमचे हृदय दुर्बल झाल्याचे निदान झाले. यात हृदय बंद पडत नाही. रक्त पुढे ढकलण्याची त्याची शक्ती उणावते, पायांवर सूज येते, जिना चढताना दम लागतो. औषधे सुरू झाली आणि पाठोपाठ बदलीही झाली. मुलांच्या शिक्षणासाठी कुटुंब मागे ठेवून आम्ही सरकारी निवासस्थानात एकटेच राहू लागलो. दिवसा पेंग येत नसे; तेव्हा झोप उत्तम आहे, असा आमचा समज होता.

दिवाळीच्या सुटीत सौ. आल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी त्या म्हणाल्या, "अहो, रात्री तुमचा श्वास थांबतो. मी वीस आकडे मोजले. मग हळूहळू वाढतो, धापा टाकल्यासारखा होतो आणि पुन्हा मंदावतो."

ही वार्ता कळताच एका स्नेह्यांनी घरी पडून असलेले श्वासयंत्र आपुलकीने आणून दिले. आम्ही ते लावणारही होतो, परंतु सौ.नी डॉक्टरांना विचारल्यावाचून लावू दिले नाही. रात्रभराची निद्रातपासणी झाली आणि त्यांचा हट्ट किती योग्य होता, हे कळले.

हा विकार दोन प्रकारचा असतो. पहिल्यात घशाची वाट मिटते. छाती धडपडते, पण हवा आत जात नाही. त्यावर सीपॅप हे यंत्र मुखवट्यातून हवेचा दाब देऊन वाट उघडी ठेवते, ऑस्ट्रेलियातील डॉ. कॉलिन सलिव्हन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये ही पद्धत मांडली. दुसऱ्यात वाट मोकळी असते, मेंदूचा आदेशच निघत नाही. दुर्बल हृदयामुळे रक्ताभिसरण मंदावते, रक्तातील वायूंची वर्दी मेंदूला उशिरा पोहोचते. फाइल विलंबाने आल्यावर आदेश अवेळी सुटावा, तसा हा प्रकार. श्वासाची ही भरती-ओहोटी डब्लिनच्या जॉन चेनी यांनी १८१८ मध्ये आणि विल्यम स्टोक्स यांनी १८५४ मध्ये वर्णिली होती.

आमचा विकार दुसऱ्या प्रकारचा निघाला, आणि ते यंत्र होते श्वासागणिक दाब बदलणारे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १,३२५ रुग्णांच्या अभ्यासात, हृदयाची शक्ती बरीच घटलेल्या अशाच रुग्णांमध्ये त्या जातीच्या यंत्राने हृदयविकाराचे मृत्यू घटण्याऐवजी वाढलेले आढळले होते. आपुलकीने आलेली वस्तू आम्हांस महागात पडली असती!

आमच्या डॉक्टरांनी आधी हृदयाची औषधे नीट बसवली, मीठ बेताचे केले, कुशीवर निजावयास सांगितले; मद्य आणि मनाने घेतलेल्या झोपेच्या गोळ्या वर्ज्य केल्या. काही महिन्यांनी पुन्हा तपासणी झाली, तेव्हा श्वास थांबण्याचे प्रमाण बरेच उतरले होते. प्रत्येकाचा उपाय हाच असेल असे नाही; तो तपासणीनंतर डॉक्टरांनीच ठरवावयाचा.

बंधुभगिनींनो, झोपलेल्या माणसाला स्वतःचा श्वास ऐकू येत नाही. आपण सारे मुलखापासून दूर. कित्येकजण एकटेच राहतात. मंडळातील अशा हृदयरुग्णास एखाद्या रात्री आपल्या घरी मुक्कामास बोलवा आणि त्याचा श्वास ऐका. त्याचे घोरणे मध्येच थांबले, तर सुटलो म्हणून कूस बदलू नका. उठा, आकडे मोजा आणि सकाळी त्याला डॉक्टरांकडे घेऊन जा.