गुरुजन आणि वाटाघाटी

दिल्ली विद्यापीठाची बससेवा तोट्यात गेली आणि चालकास कामावरून दूर करण्यात आले. त्याने औद्योगिक विवाद कायद्याखाली भरपाई मागितली. त्या लहानशा तंट्यातून प्रश्न उभा राहिला, की विद्यापीठ हा उद्योग आहे काय? १९६३ साली सर्वोच्च न्यायालयाच्या वतीने न्यायमूर्ती गजेंद्रगडकर यांनी 'नाही' असा निर्वाळा दिला. विद्यादान हे माणूस घडविण्याचे कार्य. त्यास कारखान्याचे माप लावणे उचित नव्हे, हा त्यामागील विचार.

१९७८ साली सात न्यायाधीशांच्या पीठाने तो निर्णय फिरविला. तथापि १९८८ साली गोव्यातील एका शिक्षिकेच्या खटल्यात त्याच न्यायालयाने सांगितले, की शिक्षणसंस्था उद्योग असली तरी शिक्षक कामगार नव्हे. चालकास जे दार उघडले, ते अध्यापकास बंदच राहिले.

मग उरतो तो संघटित आग्रह. २०१९ च्या डिसेंबरात दिल्लीतील हजारो अध्यापक तदर्थ सहकाऱ्यांसाठी कुलगुरूंच्या कचेरीवर गेले, तेव्हा शासनाने चर्चा केली. प्रत्येक गाऱ्हाण्यासाठी वर्ग ओस पडू नयेत, असे वाटत असेल तर गुरुजनांच्या गौरवाबरोबरच वाटाघाटीचा नियमित मार्गही त्यांना मिळावयास हवा.