फळीवर मूल, हातभर अंतरावर आपण
(लासलगाव येथील पालकांच्या बैठकीत केलेलं भाषण)



कांद्याच्या लिलावासाठी देशभर ओळखल्या जाणाऱ्या आपल्या गावात मी आज स्केटबोर्डबद्दल, म्हणजे चार चाकांच्या फळीबद्दल बोलणार आहे. माझी सहा वर्षांची भाची ती चालवायला शिकते आहे. तिला शिकवताना जे कळलं, ते तुम्हाला सांगते.

आधी वय. पाच वर्षांखालच्या मुलांना स्केटबोर्ड देऊ नये आणि सहा ते दहा वर्षांच्या मुलांजवळ मोठ्या माणसाने सतत असावं, असा अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला आहे. हेल्मेट डोक्यावर घट्ट बसणारं हवं, त्याचा पट्टा लावलेला हवा. गुडघ्यांना, कोपरांना, मनगटांना पॅड बांधा. पायात सपाट तळाचे बूट हवेत, चप्पल चालणार नाही.

आपल्या रस्त्यांवर कांद्याचे ट्रॅक्टर आणि पिकअप धावतात, तिथे हा खेळ नको. शाळेचं सिमेंटचं मैदान परवानगीने मिळालं तर उत्तम. खेळण्याआधी ते झाडून घ्या. चाकाखाली बारीक खडा आला तरी फळी जागीच थांबते आणि मूल पुढे फेकलं जातं.

पहिल्या दिवशी फळी चालवायचीच नाही. ती गोणपाटावर किंवा गवतावर ठेवा, म्हणजे चाकं फिरणार नाहीत. पाय आडवे, फळीवरच्या स्क्रूंच्या आसपास. गुडघे वाकलेले, नजर समोर. कुणाचा डावा पाय पुढे येतो, कुणाचा उजवा. दोन्ही बरोबर आहेत, उगाच बदलायला लावू नका. तोल गेला तर फळीवरून उतरायचं, नाहीतर खाली बसतं व्हायचं, हेही तेव्हाच शिकवा. पडताना हात ताठ टेकले की मनगटाला इजा होते.

मग फळी सपाट जमिनीवर घ्या. इथे बहुतेक पालक मुलाला बखोटीला धरून ओढतात. तसं केलं की तोल आपण सांभाळतो, मूल नुसतं लोंबकळतं. आपण समोर उभं राहून हात पुढे करायचे आणि ते मुलाने धरायचे. पुढे दोन हातांचा एक हात होतो, एका हाताचं एक बोट. भाची एके दिवशी म्हणाली, “खाला, आता नुसतं शेजारी चाल.” ते बोट कधी सोडायचं, हे तिनेच ठरवलं.

आता खरा मुद्दा. मला विचारलं जातं, “मुलगी पडली, तोंडाला लागलं, तर पुढे लग्नाचं काय?” हा प्रश्न मुलाच्या बापाला कुणी विचारत नाही. डोकं दोघांचंही तितकंच नाजूक असतं आणि हेल्मेट दोघांनाही लागतं.

२०२२ मध्ये गुजरातमधल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत पुण्याच्या श्रद्धा गायकवाडने स्केटबोर्डिंगचं सुवर्णपदक महाराष्ट्राला मिळवून दिलं. मध्य प्रदेशातल्या पन्ना जिल्ह्यात जनवार नावाचं खेडं आहे. तिथे २०१५ मध्ये मुलांसाठी स्केटपार्क झालं आणि दोन नियम ठरले: शाळा बुडवली तर स्केटबोर्ड नाही, आणि मुलींना आधी संधी. त्याच गावची आशा गोंड २०१८ मध्ये चीनमधल्या नानजिंगच्या जागतिक स्पर्धेत भारताकडून खेळली.

पदक मिळालंच पाहिजे, असं माझं म्हणणं नाही. सहाव्या वर्षी जी मुलगी पडून स्वतः उठायला शिकते, तिला अकराव्या वर्षी “आता पुरे” म्हणून घरात बसवू नका, एवढंच म्हणणं आहे.

चार घरांनी मिळून एक फळी घेतली तरी चालेल. हेल्मेट मात्र ज्याच्या त्याच्या मापाचं असू द्या. आठवड्यातला एक तास ठरवा, अम्मी आणि अब्बा दोघांनीही मैदानावर या. आणि पाळी लावताना मुलींची नावं आधी लिहा.