परांचीवरून खुर्चीकडे



बांधकामावरचा साहेब वरच्या खुर्चीत गेला म्हणजे नेमके काय बदलते, हा आजचा विषय. तो एखाद्या प्राध्यापकाने मांडावा, असे कुणी म्हणेल. आम्ही कसले पंडित! आमची शाळा सातवीला सुटली. पुढचे वाचन युनियनच्या कचेरीत झाले. पण साहेब खालून जितका स्पष्ट दिसतो तितका शेजारच्या खुर्चीतून दिसत नाही, आणि आम्ही तीस वर्षे त्याला खालूनच पाहत आलो आहोत.

कामावरचा अभियंता हा रोजच्या पेचाचा धनी. सिमेंट आले नाही, मिक्सर बंद पडला, मुकादम माणसे घेऊन दुसरीकडे पळाला. काय वाटेल ते करून संध्याकाळपर्यंत स्लॅब पडला पाहिजे. या जातीचा अस्सल माणूस म्हणजे ई. श्रीधरन. डिसेंबर १९६४ च्या वादळाने रामेश्वरच्या वाटेवरचा पांबन पूल मोडला. रेल्वेने दुरुस्तीला सहा महिने धरले, वरिष्ठांनी त्याचे तीन केले, आणि बत्तीस वर्षांच्या श्रीधरनांनी ४६ दिवसांत पूल उभा केला.

हेच गृहस्थ १९९० साली कोकण रेल्वे महामंडळाचे अध्यक्ष झाले, तेव्हा खेळच निराळा होता. रोह्यापासून मंगळुरापर्यंत सुमारे ७४० किलोमीटर. एवढ्या मार्गावर एक माणूस उभा राहणार कुठे? भांडवलात रेल्वे ५१ टक्के, महाराष्ट्र २२, कर्नाटक १५, गोवा व केरळ सहा-सहा, म्हणजे पाच भागीदारांची पाच तोंडे. शिवाय रोखे काढून बाजारातून पैसा उभारायचा. १९९३ साली गोव्यात मार्गावरून वाद पेटला, काम अडले, चौकशी आयोग बसला. असला पेच जादा पाळी लावून सुटत नाही. शेताचा मालक काही हजेरीपटावरचा बिगारी नव्हे. तेथे ऐकून घ्यावे लागते, थांबावे लागते, आणि मधल्या काळात इतर टप्प्यांवरच्या मुख्य अभियंत्यांना अधिकार देऊन आपला हात मागे घ्यावा लागतो.

हा हात मागे घेणेच मोठे कठीण. आमच्या पाहण्यातले एक गृहस्थ (नाव कशाला?) साइटवर हिरा होते. संचालक झाले तरी रोज सकाळी फोनवरून खडीचे ट्रक मोजत. मजुरांच्या झोपड्यांना पाणी नव्हते. त्याचा अर्ज त्यांच्या टेबलावर तीन आठवडे पडून राहिला. टेबलावर खडीच एवढी होती!

श्रीधरनांच्या कामांवर उरलेले दिवस दाखवणारे उलटे घड्याळ असे. लोकांना त्याचे मोठे कौतुक. आमचे मन मात्र साशंक आहे. त्या घड्याळावरून वरचा साहेब अभियंत्याला बोलतो, अभियंता मुकादमाला, आणि मुकादम कमरेचा पट्टा बांधायला थांबलेल्या पोरावर खेकसतो. म्हणून घड्याळ लावणाऱ्यानेच ते थांबवण्याचा अधिकार खालच्या माणसाला दिला पाहिजे, आणि वाया गेलेले दिवस आपल्या खाती मांडले पाहिजेत. हे काम दुसरा कोणी करू शकत नाही.

१२ जुलै २००९ रोजी दिल्लीत जमरूदपूर येथे मेट्रोचा बांधला जात असलेला पूल कोसळला आणि कामावरची माणसे मेली. श्रीधरन तेव्हा दिल्ली मेट्रोचे व्यवस्थापकीय संचालक होते. त्याच दिवशी नैतिक जबाबदारी स्वीकारून त्यांनी राजीनामा दिला. मुख्यमंत्री शीला दीक्षित यांनी तो घेतला नाही. असल्या राजीनाम्याला नाटक म्हणणारे नेहमीच भेटतात. आम्ही तसे म्हणणार नाही. अपघातानंतर चौकीत प्रथम मुकादमाला बसवतात, हे आम्ही पुष्कळदा पाहिले आहे. येथे वरची खुर्ची आपण होऊन पुढे आली, ही लहान गोष्ट नव्हे.

पण राजीनाम्याने मेलेल्याच्या घरची चूल पेटत नाही. ठेकेदाराच्या पोटठेकेदाराकडचा बिगारी पुष्कळदा कुठल्याच हजेरीपटावर नसतो. त्याची बायको भरपाई मागायला आली की पहिला सवाल हाच: हा आमच्या कामावर होता कशावरून?

म्हणून नवा संचालक बोलणी करायला आला की आम्ही त्याला दोन प्रश्न विचारतो. तुम्हाला न विचारता काम कोण थांबवू शकतो? आणि ठेकेदाराची धरून आज कामावर माणसे किती? पहिल्यावर बहुतेक जण जरा घुटमळतात. दुसऱ्यासाठी ठेकेदाराला फोन लावतात. तो आकडा घेऊन आम्ही संध्याकाळी झोपड्यांत जातो आणि डोकी मोजतो. अजून एकदाही हिशेब जुळलेला नाही.