उभ्या घराचा पंचनामा

(मंदिर जीर्णोद्धार व कलशारोहण समारंभात ग्रामस्थांपुढे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आज कळस चढला. ज्यांनी रोख दिली, ज्यांनी धान्य दिले, ज्यांनी बैलगाडी व ट्रॅक्टर दिला आणि ज्यांच्यापाशी दुसरे काही नव्हते म्हणून ज्यांनी श्रम दिले, त्या सर्वांची नावे स्मरणिकेत यथाक्रम येतीलच. परंतु या कामातील एक गोष्ट कोणत्याही यादीत यावयाची नाही. म्हणून तिच्याविषयी येथे चार शब्द.

जुना सभामंडप उतरविण्यापूर्वी गवंडी व सुतार यांनी पुरे दोन दिवस नुसत्या मोजणीत घालविले. दगडादगडावर रंगाने आकडा घातला. खांबांमधले अंतर, तुळयांची लांबी, गाभाऱ्याच्या उंबऱ्याची उंची टेप लावून वहीत उतरविली. ‘जे उतरवायचेच ते मोजत काय बसायचे? मजुरी फुकट जाते,’ असे त्या वेळी पारावर बोलले गेले. पुढे मंडप उभा राहताना दोन दगडांच्या जागेविषयी वाद पडला. म्हातारी माणसे दोन्ही बाजूंनी साक्ष देऊ लागली. शेवटी वही उघडली आणि वाद तेथेच मिटला.

पारावरचा तो प्रश्न मात्र विचार करण्यासारखा आहे. तो मंदिरापुरता नाही, आपल्या प्रत्येकाच्या घराचा आहे.

आपल्याकडे पंचनामा होतो तो पडलेल्या घराचा. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरांत कोल्हापूर-सांगली भागात मातीची कितीतरी घरे बसली. पाणी ओसरले, पंचनामे झाले. अशा वेळी ढिगाऱ्यासमोर उभे राहून घर किती खणांचे होते, माळा होता की नव्हता, मागची पडवी घरात धरायची की गोठ्यात, हे आठवून सांगावे लागते. संकटात सापडलेल्या माणसाची आठवण त्याला दगा देते. थोरला एक सांगतो, धाकटा दुसरे सांगतो, शेजाऱ्याला तिसरेच आठवते. यात खोटे कोणी बोलत नसते. परंतु ढिगाऱ्याला टेप लावता येत नाही. सबब, घर उभे आहे तोवरच त्याचा पंचनामा करून ठेवावा, एवढेच या व्याख्यानाचे सांगणे आहे.

अशा मोजलेल्या कागदांच्या आधाराने एका मोठ्या शहराचा जुना भाग पुन्हा उभा राहिलेला आहे. ते शहर म्हणजे पोलंड देशाची राजधानी वॉर्सा. पोलंडचे नाव या भागाला परके नाही. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवडे येथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती. त्यांत बायका व मुले अधिक. रशियाने त्यांना त्यांच्या गावांतून उचलून दूर सैबेरियाकडे नेले होते. तेथून सुटून इराणमार्गे ती मंडळी येथवर पोहोचली. ती वळिवड्यात दिवस काढीत होती, त्याच काळात तिकडे त्यांच्या देशाच्या राजधानीचा विध्वंस झाला.

त्याच्या वीस-एक वर्षे आधीची गोष्ट. वॉर्साच्या तंत्रविद्यापीठात ऑस्कर सोस्नोव्स्की नावाचे वास्तुशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांनी विद्यार्थ्यांना एक काम लावले. गावोगाव जायचे, जुनी घरे, देवळे, वाडे जागेवर टेप लावून मोजायचे आणि जसे आहे तसे कागदावर काढायचे. भिंत वाकडी असेल तर वाकडी काढायची. दरवाजा मध्यावर नसेल तर तो सरकवून मध्यावर आणायचा नाही. वॉर्साच्या जुन्या पेठेतील घरेही याच रीतीने मोजली गेली. यहुदी लोकांची लाकडी प्रार्थनागृहे मोजली गेली. ‘उभी आहेत ती घरे मोजून काय मिळायचे?’ असे तेथेही कोणी म्हटले असेल.

सप्टेंबर १९३९ मध्ये जर्मनीने वॉर्सावर बॉम्ब टाकले. त्या हल्ल्यांत सोस्नोव्स्की जबर जखमी होऊन वारले. नकाशे सांभाळण्याचे काम त्यांचे सहकारी यान झाख्वातोविच यांच्याकडे आले. १ ऑगस्ट १९४४ रोजी वॉर्साच्या लोकांनी उठाव केला. तो दोन महिन्यांनी मोडला. त्यानंतर जर्मन सैन्याने शहर माणसांपासून रिकामे केले आणि ठरवून एकेक इमारत जाळली, सुरुंगाने उडविली. शहराच्या ऐतिहासिक भागापैकी पंचाऐंशी टक्क्यांहून अधिक भाग नष्ट झाला. परंतु मापांचे कागद वाचले. झाख्वातोविच व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांची बंडले शहराबाहेर काढून पिओत्रकुव या गावच्या मठात लपविली.

युद्ध संपत आले तेव्हा, फेब्रुवारी १९४५ मध्ये, राजधानी पुन्हा बांधण्यासाठी खास कार्यालय स्थापन झाले. जुन्या इमारतींचा विभाग झाख्वातोविच यांच्याकडे आला. मठातली बंडले परत आली. बेलोत्तो नावाच्या चित्रकाराने अठराव्या शतकात काढलेली शहराची चित्रेही उपयोगी पडली. पण चित्रकार आपल्या दृष्टीने चांगले दिसेल ते काढतो. चौकट किती इंचांची हे चित्र सांगत नाही. ते विद्यार्थ्यांच्या वहीतूनच कळायचे. जुलै १९५३ मध्ये जुन्या पेठेचा मुख्य चौक लोकांसाठी खुला झाला. १९८० साली युनेस्कोने या पुन्हा उभारलेल्या पेठेची जागतिक वारशात नोंद केली.

यातली खरी बाजूही सांगितली पाहिजे. सगळे पूर्वीसारखे बांधले नाही. मागच्या अंगणांत दाटलेली बांधकामे वगळली, कारण उजेड-वारा हवा होता. आतल्या खोल्या नव्या राहणीप्रमाणे झाल्या. काय ठेवावे आणि काय बदलावे हे त्यांना ठरविता आले, कारण पूर्वी काय होते ते कागदावर होते. लाकडी प्रार्थनागृहांचे नशीब तसे नव्हते. ती युद्धात जवळजवळ सर्व जळाली, त्यांत पूजा करणारी माणसेही मारली गेली. ती बांधायला कोणी उरले नाही. आज ती कशी होती हे जे खात्रीने सांगता येते, त्यातले पुष्कळसे त्या मापांच्या वह्यांमुळेच.

आता हे काम करावे कसे? इंजिनिअर नसला तरी चालेल. एक पन्नास फुटी टेप, एक ओळंबा, पेन्सिल, चौकटीची वही आणि तीन माणसे लागतात. दोघांनी टेप धरावा, तिसऱ्याने लिहावे. लिहिणाराने आकडा ऐकून मोठ्याने परत म्हणावा. ‘साडेसात’ आणि ‘साडेसहा’ यांची गफलत अशानेच टळते.

प्रथम घराभोवती एक फेरी मारून हाताने कच्चा आराखडा काढावा. तो सुबक नसला तरी हरकत नाही. सोपा, माजघर, स्वयंपाकघर, देवघर, पडवी, परडे हे सर्व त्यात आले पाहिजे. उत्तर दिशा दाखवावी. मग मापे घ्यावीत. टेपचे शून्य भिंतीच्या एका कोपऱ्यात धरून ते शेवटपर्यंत हलवू नये. चौकटीची अलीकडची कड ३ फूट २ इंच, पलीकडची ६ फूट ५ इंच, मग कोनाडा, मग खांब, असे एका दमात वाचीत जावे. प्रत्येक तुकडा वेगळा मोजला तर दर तुकड्याला थोडी चूक होते आणि भिंत संपेपर्यंत तिची मोठी चूक होते.

दुसरी गोष्ट कर्णाची. चार बाजू मोजल्या म्हणजे खोली कळली असे वाटते, पण तसे नाही. खोली १२ फूट बाय ९ फूट असेल आणि कोपरे गुण्यात असतील तर दोन्ही कर्ण बरोबर १५ फूट येतात. त्याच खोलीचा एक कर्ण १५ फूट ६ इंच आणि दुसरा सुमारे १४ फूट ६ इंच आला, तर बाजू त्याच असूनही ९ फुटांची भिंत साडेसात इंचांहून अधिक कललेली आहे. अशा खोलीवर चौरस छप्पर घालायला गेले की सुतार डोक्याला हात लावतो. म्हणून प्रत्येक खोलीचे दोन्ही कर्ण लिहावेत.

तिसरी गोष्ट भिंतीच्या जाडीची. जुन्या घरात हीच माणसाला चकविते. समजा, घर बाहेरून ३० फूट आहे. आत एका रांगेत दोन खोल्या, ११ आणि ११, मिळून २२. भिंती तीन, प्रत्येकी दोन फुटांच्या, म्हणजे ६. बेरीज २८. मग दोन फूट गेले कोठे? एक तर माप चुकले, नाही तर मधली भिंत दुहेरी आहे, किंवा तीत आजोबांच्या वेळचे धान्याचे बळद लिंपून टाकलेले आहे. दाराच्या चौकटीपाशी जाडी पुन्हा मोजावी. बेरीज जमेपर्यंत वही मिटू नये.

उंच्याही घ्याव्यात: जोते, उंबरा, तुळईखालची उंची, आढे आणि वळचण. भिंत ओळंब्यात आहे की कलली आहे ते पाहावे. जमिनीचा उतार पारदर्शक नळीत पाणी भरून कळतो. खण किती, तुळई कसल्या लाकडाची, कौल कोणते, भिंत मातीची की दगडाची, हे शेजारी लिहावे. मग घरी बसून एक चौकट म्हणजे एक फूट धरून नकाशा पक्का करावा. खाली तारीख घालावी आणि मोजणारांची नावे लिहावीत. तारखेशिवाय नकाशाला किंमत नाही.

येथे एक शंका निघेल. सरकारने मोजणी केली आहे, मग ही कशाला? पूर्वी गावठाणातल्या घराला शेतासारखा सात-बारा नसे. ग्रामपंचायतीच्या नमुना आठ मधील नोंद ही कर आकारणीसाठी असते, तिने मालकी सिद्ध होत नाही. २४ एप्रिल २०२० रोजी केंद्र सरकारने स्वामित्व योजना सुरू केली. तीत आधी मिळकतींच्या हद्दी चुन्याने आखतात, वरून ड्रोन उडवितात, चौकशी करतात आणि मिळकत पत्रिका देतात. हे काम मोठे आहे आणि ती पत्रिका ज्याने त्याने जपून ठेवावी. परंतु ड्रोनला वरून छप्पर दिसते, छपराखालचे घर दिसत नाही. माजघराची भिंत, मधला खांब, बळद, माळा यांना टेपच लावावा लागतो.

उलट बाजूही स्पष्ट असावी. घरच्या घरी काढलेल्या नकाशाने कोणाची मालकी सिद्ध होत नाही. तो मिळकत पत्रिकेची जागा घेत नाही. हद्दीचा वाद असेल तर रीतसर फी भरून भूमी अभिलेख खात्याकडूनच मोजणी करून घ्यावी. घरचा नकाशा घर कसे आहे तेवढेच सांगतो.

आणि तेवढे खरे सांगणेही सोपे नाही. टेप लावताना घरचा माणूस हळूच म्हणतो, ‘परड्याकडून सहा इंच जास्त धरा की. कोण बघतंय?’ शेजारी म्हणतो, ‘ती भिंत सामाईक आहे असं लिहू नका.’ वाटणीला आलेले भाऊ असले तर प्रत्येकाला टेप आपल्या बाजूला सैल हवा असतो. अशा वेळी लिहिणाराने पेन्सिल खाली ठेवावी आणि टेप पुन्हा ताणायला सांगावा. सहा इंच वाढवून लिहिलेला नकाशा पुढच्या पिढीत सहा वर्षांचा तंटा होतो. भावाभावांनी दोघांनी मिळून टेपची दोन टोके धरली, तर पुष्कळ वेळा तंटा त्याच दिवशी निम्मा होतो, कारण आकडा दोघांनी एकदम पाहिलेला असतो.

गावात कडीपाटाची, मातीच्या भिंतींची घरे दरवर्षी कमी होत आहेत. ती पाडून सिमेंटची बांधावीत की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न. पाऊस गळणाऱ्या घरात दुसऱ्याने राहावे असा आग्रह कोणी धरू नये. एवढेच करावे की पहिले कौल काढण्याआधी एक दिवस टेपला द्यावा. उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळेतल्या वरच्या वर्गातील मुलामुलींनी आपापले घर मोजले, तर गणिताच्या पुस्तकातला कर्ण त्यांना प्रत्यक्ष सापडेल. आजी सांगेल की हा कोनाडा पूर्वी खिडकी होता. तेही नकाशावर लिहावे. नकाशाची एक प्रत घरी ठेवावी आणि एक मंदिराच्या पेटीत, जेथे मोजणीची ती वही ठेवली आहे, तिच्या शेजारी.

देवाचे घर मोजून उतरविले आणि मोजून उभे केले, म्हणून आज उंबरा आपल्या जुन्या जागी आहे आणि म्हातारी माणसे अंधारातही न ठेचकाळता आत जातात. आपल्या घराच्या उंबऱ्याचीही तेवढी नोंद राहो, हीच ग्रामदैवताच्या चरणी प्रार्थना.

जय हिंद! जय महाराष्ट्र!