तार दिसत नाही, खांब दिसतो



८ मे २०२५ रोजी सकाळी ८ वाजून ११ मिनिटांनी उत्तराखंडमधल्या खरसाळीहून यात्रेकरूंना घेऊन एक हेलिकॉप्टर निघालं. २४ मिनिटांनी ते गंगनानीजवळ गंगोत्रीच्या रस्त्यावर उतरू पाहत होतं. रस्त्याला समांतर एक फायबर केबल गेली होती. मुख्य पंख्याचं पातं तिला लागलं आणि हेलिकॉप्टर डोंगरउतारावरून सुमारे २५० फूट कोसळत जाऊन झाडाला अडकलं. सातांपैकी सहा जण गेले. त्यांत मुंबईच्या यात्रेकरूही होत्या.

हेलिकॉप्टर हेलिपॅड सोडून वाटेतच का उतरतं? संकट अंगावर येण्याआधीच वैमानिक आपण होऊन उतरतो, ते खबरदारीचं उतरणं. ढग खाली आले, इशाऱ्याचा दिवा लागला, की जवळचं शेत किंवा मैदान गाठायचं. यात कमीपणा मुळीच नाही. मात्र निर्णय वेळेत हवा. उंची आणि इंधन हाताशी असेल तरच जागेभोवती घिरटी घालून वारा, उतार, धूळ आणि मुख्य म्हणजे तारा पाहता येतात.

मागे झाडी किंवा डोंगर असला की तार त्यात पार हरवून जाते. म्हणून वैमानिकाला खांब शोधायला शिकवतात. खांब कुठल्या रांगेत उभे आहेत, त्यांवरचे इन्सुलेटर कुठे तोंड करून आहेत, यावरून तारेची वाट कळते. विजेची मोठी लाइन ओलांडायची ती मनोऱ्याच्या डोक्यावरून. दोन मनोऱ्यांमधल्या जाड तारा दिसल्या, तरी त्यांच्याही वरची बारीक अर्थवायर नजरेतून सुटते आणि घात करते. काही हेलिकॉप्टरांना तार कापणारी पाती बसवलेली असतात. पण तार नेमकी त्यांच्यावर आली तरच ती कामाची. शेपटीच्या पंख्यात गेली तर नाही.

वरून रस्ता मोकळा वाटतो, पण खांब त्याच्याच कडेने जातात, गाड्याही उभ्या असतात. ७ जून २०२५ ला गुप्तकाशीजवळ बडासू इथे एक हेलिकॉप्टर महामार्गावर उतरलं. प्रवासी वाचले, शेपूट मात्र उभ्या मोटारीवर आदळलं.

तेव्हा वैमानिक ‘इथेच उतरतो’ म्हणाला, तर दर्शनाची किंवा सभेची घाई त्याच्यावर लादू नका. तुमच्या शिवारात हेलिकॉप्टर उतरलं, तर मुलांना आणि गुरांना लांब ठेवा, शेपटीकडून कधीही जवळ जाऊ नका. पंखे थांबल्यावर वैमानिकाला भेटा आणि भोवतालच्या तारा कुठून कुठे जातात, ते हात करून दाखवा. त्याला परत उडायचं असतं, आणि त्या तारा तुमच्याइतक्या कुणाला माहीत नसतात.