पूजा सांगणारी बाई

 

आपल्या गटांमध्ये शिलाईची, पापडाची, शेळीपालनाची माहिती पुष्कळ मिळते. पण पूजा सांगणं, लग्न लावणं, कीर्तन करणं हेही बाईला शिकून करता येणारं काम आहे, हे फारसं कुणी सांगत नाही. मी गेली नऊ वर्षं पौड, पिरंगुट, भुगाव या पट्ट्यात पूजा सांगते. म्हणून आज त्याबद्दल बोलते.

पहिला प्रश्न सगळ्या विचारतात, "अगं, बायकांना चालतं का हे?" तर ऐका. जोतीराव फुल्यांनी 1873 साली पुण्यात सत्यशोधक समाज काढला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात भटजीशिवाय पहिलं सत्यशोधकी लग्न लागलं, आणि त्यात सावित्रीबाईंचा पुढाकार होता. पुढं 1920 साली शाहू महाराजांनी कोल्हापुरात मराठा मुलांना पौरोहित्य शिकवणारी वैदिक शाळा सुरू केली. बाबासाहेब आंबेडकरांनी 1936 साली लिहिलं, की पुरोहितपण जन्मानं मिळू नये, परीक्षा पास होईल त्यालाच सरकारनं सनद द्यावी. म्हणजे हा प्रश्न आज उठलेला नाही. दीडशे वर्षं आपल्याच मातीत त्यावर विचार चाललाय.

बायकांचं म्हणाल तर नगर जिल्ह्यात साकोरीला उपासनी महाराजांनी कन्याकुमारी स्थान उभं केलं. तिथं मुली वेदमंत्र शिकल्या, यज्ञ करू लागल्या. पुढं गोदावरी मातांनी ते चालवलं. पुण्यात 1970 च्या दशकात शंकरराव थत्ते मामांनी उद्यान कार्यालयात बायकांना पौरोहित्य शिकवायला सुरुवात केली. लोकांनी नावं ठेवली, पण बायका शिकल्या. ज्ञान प्रबोधिनीनं तर कुठल्याही जातीच्या स्त्री-पुरुषांना हे शिक्षण खुलं केलं. विधीचा अर्थ मराठीत सांगायचा, ही त्यांची पद्धत. आणि 2014 साली सुप्रीम कोर्टाच्या निकालानं पंढरपुरातले बडवे-उत्पातांचे पिढीजात हक्क संपले, तेव्हा मंदिर समितीनं पुजाऱ्यांच्या जागांसाठी सगळ्या जातींच्या लोकांकडून आणि बायकांकडूनही अर्ज मागवले.

आता काम कसं असतं ते सांगते. गणपतीची प्रतिष्ठापना, सत्यनारायण, वास्तुशांत, बारसं, साखरपुडा, लग्न, साठीशांत ही नेहमीची कामं. आपल्या तालुक्यात हिंजवडी, माण, भुगाव इकडं इमारती उठल्यात, त्यामुळं गृहप्रवेश आणि वास्तुशांतीला बोलावणी बरीच येतात. तिथली तरुण मंडळी विचारतात, "ताई, याचा अर्थ काय?" अर्थ सांगता आला की पुढच्या कार्याला ती तुम्हालाच बोलावतात.

शिकायला संस्कृतची पदवी लागत नाही. उच्चार मात्र स्वच्छ हवेत. 'श' आणि 'ष', ऱ्हस्व आणि दीर्घ, यावर गुरुजी किंवा ताई महिनोन्‌महिने घोटून घेतात. आधी अथर्वशीर्ष, श्रीसूक्त, पुरुषसूक्त. मग षोडशोपचार पूजा, पुण्याहवाचन. नुसत्या मोबाइलवर ऐकून शिकू नका. समोर बसून चूक काढणारं माणूस लागतं. आणि शिकल्यावर वर्षभर कुणा अनुभवी बाईच्या शेजारी बसून पूजा सांगा.

भांडवल म्हणाल तर पोथ्या, पंचांग, ताम्हन, पळी-पंचपात्री आणि नीटनेटकी साडी. पण उत्पन्न बारमाही नाही. श्रावणात, गणपतीत, मार्गशीर्षात उसंत मिळत नाही. पितृपक्षात आणि पौषात हात रिकामे. आणि आपल्याकडचा पाऊस तुम्हाला माहीतच आहे. ऐन श्रावणात धरणाच्या वरच्या अंगाला एखाद्या वाडीवर पूजा असली, की शेवटची एसटी चुकली तर मुक्काम. म्हणून शेती, शिलाई सोडू नका. हे जोडकाम म्हणून धरा.

दक्षिणेचं आधीच बोला. बाईनं पैशाचं बोलू नये, असं आपल्याला लहानपणापासून शिकवलंय. मग पुरुष गुरुजींना पाकीट आणि आपल्याला ब्लाउजपीस आणि नारळ, असं होतं. फोनवरच आकडा सांगा. आणि सामानाची यादी लहान द्या. गरिबाघरच्या पूजेला पाच फळं नसली तर एका केळ्यावर पूजा होते, हे आपण सांगितलं नाही तर कोण सांगणार?

पाळीचं काय, हे घरोघर विचारतात. आम्ही चौघीजणी आहोत, एकमेकींची कामं बदलून घेतो. ज्यांना त्याचं काही वाटत नाही, त्यांच्याकडं मी जाते. माझा देव त्यावरून रुसलेला मला तरी दिसला नाही. पण ज्या घरात पूजा आहे त्या घराचं मन मोडून मी बसत नाही.

मला स्वतःला या कामात सगळ्यात मोलाचं काय वाटतं, ते सांगते. नवरा गेलेली आई मुलीच्या लग्नात मागं, स्वयंपाकघराच्या दारात उभी असते. एकटीनं वाढवलेली लेक, आणि कन्यादानाला मात्र चुलता. मी त्या आईला पुढं बोलावते. पाटावर बसवते, पाणी तिच्या हातानं सोडायला लावते. कुजबुज होते. एकदा एका घरात म्हातारे आजोबा उठून गेले. पण मंत्र सांगणारं माणूस म्हणालं 'चालतं', की मांडवातली निम्मी माणसं गप्प होतात. पुरोहिताच्या शब्दाला वजन आहे ते हेच. ते वजन कुठं टाकायचं, हे आपल्या हातात येतं.

त्या वजनाबरोबर जबाबदारीही येते. दोन वर्षांमागं एका वस्तीवरून लग्नाचं बोलावणं आलं. मी नेहमीप्रमाणे दोघांचे शाळेचे दाखले मागितले. मुलगी सोळाची निघाली. आई रडली, म्हणाली, "ताई, स्थळ चांगलं आहे, वय कोण बघतंय?" बाप म्हणाला, दुसरा कुणी आणतो. मी त्यांना कायदा समजावला. बालविवाह प्रतिबंधाचा 2006 चा कायदा नुसता आईबापांना धरत नाही. लग्न लावणाऱ्यालाही दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. मग ग्रामसेवकांना कळवलं, कारण गावात बालविवाह रोखण्याचे अधिकारी तेच असतात. लग्न थांबलं. ते घर अजून माझ्याशी बोलत नाही. मुलगी अकरावीला गेली. असा प्रसंग तुमच्या समोर आला तर 1098 हा फुकट नंबर लक्षात ठेवा.

आणि बाईनं लावलेलं लग्न कायद्यानं चालतं का? चालतं. हिंदू विवाह कायद्यात विधी आणि सप्तपदी याबद्दल सांगितलंय, पुरोहित पुरुषच हवा असं कुठंही म्हटलेलं नाही. लग्ननोंदणीच्या अर्जावर पुरोहित म्हणून मी माझीच सही करते.

हे सगळं हिंदू घरांपुरतं आहे असं समजू नका. बौद्ध समाजात लग्न, नामकरण हे विधी बौद्धाचार्य लावतात. मुंबईत भारतीय मुस्लिम महिला आंदोलनानं बायकांना काझीचं शिक्षण दिलं. ख्रिस्ती बहिणींसाठी पंडिता रमाबाईंचं उदाहरण आहे. केडगावला मुक्ती मिशन चालवता चालवता त्यांनी मूळ भाषा शिकून बायबल मराठीत आणलं. आजही पुण्यात ख्रिस्ती धर्मशिक्षणाच्या संस्था आहेत.

आणि कीर्तन! आळंदीला विष्णुबुवा जोगांनी 1917 साली वारकरी शिक्षण संस्था काढली, तिथं चार वर्षांचं शिक्षण असतं. तिथं परंपरेनं मुलगेच शिकत आले. पण आज सप्ताहात बायका वीणा घेऊन उभ्या राहतात. पुण्यात नारद मंदिरात नारदीय कीर्तन शिकवतात. ज्या मुलीचा गळा बरा आहे, पाठांतर पक्कं आहे आणि चार माणसांसमोर पाय लटपटत नाहीत, तिला हे जरूर सुचवा.

गटाला माझी एक सूचना. एकटीनं जाऊन शिकणं जड जातं. प्रवासाचा खर्च, घरच्यांची बोलणी, सगळं एकटीवर येतं. गटानं आपल्यातली एक जण निवडावी, तिच्या जाण्यायेण्याला कर्ज द्यावं, आणि ती शिकून आली की पहिली पूजा गटातल्याच घरी ठेवावी. पहिलं यजमानपद मैत्रिणीनं दिलं, तर दुसरं गाव देतं.

येत्या बैठकीत विषय काढून बघा.